समुद्र हैदराबादहून दिसतो का?

हैदराबादपासून सगळ्यात जवळचा समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. तरीही रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या किंवा मालवणच्या बंदरातल्या नौकेला मासा कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोल पाण्यात मिळण्याचा संभव आहे, याचा सल्ला याच शहरातून निघतो आणि मराठीत किनाऱ्यावर पोचतो. प्रगतीनगरात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. सगळे त्याला ‘इन्कॉइस’ म्हणतात. १९९९ साली ते सुरू झालं. त्सुनामीचा इशारा देणारं देशाचं केंद्रही तिथंच आहे. मासा उपग्रहाला दिसत नाही. दिसतो पाण्याचा रंग आणि कळतं पृष्ठभागाचं तापमान. रंग बदलतो तो मुख्यतः वनस्पतिप्लवकांमुळे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, हरितद्रव्य असलेल्या तरंगत्या जिवांमुळे. त्यांना खाणारे प्राणिप्लवक, प्राणिप्लवकांना खाणारे छोटे मासे आणि त्यांच्यामागे मोठे मासे, अशी ही साखळी आहे.

प्लवक म्हणजे काही प्रयोगशाळेतली दूरची गोष्ट नव्हे. सुक्या जवळ्याची चटणी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनी प्लवक खाल्ले आहेत. जवळा ही जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची कोळंबी. ती स्वतः पोहते, पण भरती-ओहोटीच्या ओढीपुढे तिचं काही चालत नाही, म्हणून तीही प्लवकच. त्यामुळेच तर वसई-अर्नाळ्यापासून रायगड जिल्ह्यापर्यंतचे कोळी ओढीच्या तोंडावर डोल जाळी रोवतात आणि समुद्रच जवळा आणून जाळ्यात घालतो.

हे प्लवक कुठे आणि कधी असतात, आणि ते कुणाला नीट कळतं, यावर मी ऐकलेला हा वाद आहे. वाद घालणारे दोघे मामा-भाची. मामांनी रत्नागिरीकडच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि खाडीच्या तोंडाशी प्लवकांची जाळी ओढली. भाची हैदराबादेत उपग्रहाच्या आकड्यांवर काम करते. दोघंही समुद्रावर जीव टाकणारी माणसं, त्यामुळे वाद गोड नव्हता. मला जेवढा महत्त्वाचा वाटला तेवढा इथे मांडते आहे.

भाची : हा जानेवारीतला आठ दिवसांचा एकत्र नकाशा बघा, मामा. निळं ते ओसाड पाणी. हिरवं, पिवळं, तांबडं होत जातं तसतसं हरितद्रव्य वाढत जातं. हा पट्टा सौराष्ट्राच्या पश्चिमेपासून पार ओमानच्या बाजूपर्यंत गेलाय. कुठल्या होडीतून तुम्हाला याचा आकार कळला असता?

मामा : आकार नसता कळला, मान्य. आता हे खंभातच्या आखातातलं गडद तांबडं काय आहे?

भाची : तो गाळ आहे.

मामा : म्हणजे प्लवक नव्हे.

भाची : नव्हे. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात हरितद्रव्याचं गणित चुकतं. गाळ आणि नद्यांतून येणारा पिवळसर विरघळलेला कचरा, दोन्ही रंगात लुडबुड करतात. उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग तर नुसता हवेतून विखुरलेला असतो. तो वजा करायचा आणि उरलेल्यातून पाणी वाचायचं. खोल समुद्रात हे चांगलं जमतं. किनाऱ्याजवळ कठीण जातं, हे आम्ही लपवत नाही.

मामा : लपवता असं मी म्हटलं नाही. पण आपला कोळी किनाऱ्याजवळच राहतो. त्याची बिगरयांत्रिकी होडी कुठे ओमानकडे जाते? तुमचा नकाशा जिथे उत्तम, तिथे आमचा माणूस नाही. आणि जिथे आमचा माणूस, तिथे नकाशा कच्चा.

भाची : यांत्रिक नौका जातात की लांब. आणि आमचा सल्ला रंगाच्या एका ठिपक्यावर नसतो. गार पाणी आणि कोमट पाणी जिथे भिडतं, त्याच रेषेवर हरितद्रव्यही एकदम बदलतं, अशा सीमा आम्ही शोधतो. तिथे अन्न गोळा होतं, म्हणून मासा गोळा होतो. शोधण्यात जाणारं डिझेल वाचतं. ते पैसे कोळ्याच्याच खिशात राहतात.

मामा : बरं. आता मला सांग, पश्चिम किनाऱ्याचा समुद्र सगळ्यात सुपीक कधी?

भाची : दक्षिणेला पावसाळ्यात. केरळापासून कर्नाटक-गोव्यापर्यंत. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी चढतं. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका भरपूर. उन्हात आल्यावर त्यावर डायटम, म्हणजे सिलिकेच्या कवचाचे वनस्पतिप्लवक, फुलतात. दक्षिणेत हे जोरात होतं, उत्तरेकडे येताना मंदावत जातं. रत्नागिरीच्या वर त्याचा फारसा जोर उरत नाही.

मामा : आणि जून ते सप्टेंबरचा तुझा नकाशा?

भाची : बराचसा पांढरा. ढग असतात.

मामा : म्हणजे वर्षातला सगळ्यात श्रीमंत हंगाम तुझ्या उपग्रहाला दिसत नाही.

भाची : जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंदच असते, एक जून ते एकतीस जुलै. तेव्हा सल्ला नसला तरी फारसं अडत नाही.

मामा : सल्ल्याचं राहू दे. मी समुद्राबद्दल विचारतोय. त्याच दोन महिन्यांत बांगड्याची, तारलीची अंडी-पिल्लं पाण्यात असतात. तारली थेट डायटम गाळून खाते. तारलीच्या हंगामाचा संबंध फ्रॅजिलेरिया नावाच्या डायटमशी आहे, हे केरळच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या जुन्या मत्स्यशास्त्रज्ञांनी उपग्रह येण्याच्या कितीतरी आधी माशाचं पोट फाडून सांगितलं होतं. ज्या आठवड्यात पिल्लाला अन्न मिळतं की नाही हे ठरतं, नेमका तो आठवडा तू ढगाखाली सोडून देतेस.

इथे भाची गप्प झाली. मग तिने बाजू बदलली, आणि मला वाटतं, बरोबर बदलली.

भाची : तुम्ही त्या आठवड्यात कुठे होतात? जाळं ओढायला पावसाळ्यात तुमची होडी तरी निघायची का?

मामा : नाही निघायची. खाडीच्या तोंडाशी धक्क्यावरून जमेल तेवढं करायचो.

भाची : म्हणजे तुमच्याही वहीत पावसाळा अर्धा कोराच. आणि एक मिलिलिटर पाणी मोजणीच्या काचेवर घेऊन तुम्ही जे मोजता, ते एका दिवसाचं, एका जागेचं. दुसऱ्या दिवशी प्रवाह फिरला की पाणीच वेगळं. ते आकडे सगळ्या किनाऱ्याचे म्हणून छापायचे, हे तुम्हाला कधी खटकलं नाही?

मामा : खटकलं. म्हणूनच एकाच जागी वर्षानुवर्षं मोजायचं असतं. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. तीच जागा, तीच वेळ, तेच जाळं असं दहा वर्षं केलं तर हंगाम दिसायला लागतो. ते जाळं तू हातात धरलेलं नाहीस म्हणून सांगतो. दोनशे मायक्रॉनची वीण, तोंडाशी किती पाणी आत गेलं ते मोजणारं छोटं चक्र, टोकाला बाटली. मार्चमध्ये दहा मिनिटं ओढलं तर बाटलीत तळाशी चमचाभर करडा गाळ दिसतो. तो गाळ नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की त्यात कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी प्राणी असतात, शरीराएवढ्या लांब मिशा दोन्ही बाजूंना पसरलेले. पारदर्शक बाणकिडे, त्यांच्या पोटात गिळलेला कोपेपॉड तसाच्या तसा दिसतो. खेकड्याची पिल्लं, डोक्यावर एक लांब काटा असलेली. सप्टेंबरात तेच जाळं ओढायला जा, अर्ध्या वाटेत वीण बुजते. बाहेर काढलं की तपकिरी चिकट पाणी ठिबकतं आणि हाताला समुद्राचा कच्चा वास राहतो. तो सगळा डायटमचा लोंढा. पाऊस संपताना खाडीत पेनिलिया, इव्हाडने असे पाणपिसवांचे भाऊबंद एकदम दाटतात आणि थोड्या दिवसांत नाहीसे होतात. तुझ्या नकाशात हे सगळं एकाच रंगाचं.

भाची : खरं आहे. उपग्रह हरितद्रव्य किती ते सांगतो, कुणाचं ते नीट सांगत नाही.

मामा : आणि किती खोलवरचं?

भाची : स्वच्छ पाण्यात काही दहा मीटरपर्यंतचं. गढूळ पाण्यात मीटरभर, कधी तेवढंही नाही.

मामांना हवा होता तो मुद्दा हाताशी आला, आणि यानंतर त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या वादातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी कांदोळीच्या किनाऱ्यासमोर सत्तावीस मीटरच्या आसपास खोलीची एक जागा ठरवली आणि १९९७ पासून तिथलं पाणी वरपासून तळापर्यंत पुन्हापुन्हा मोजलं.

मामा : ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे काय होतं ते बघ. खालून गार पाणी किनाऱ्याकडे चढतं. पण वर मांडवी-जुवारीचं आणि पावसाचं गोडं पाणी पसरलेलं असतं, पाच-दहा मीटरचा हलका, कोमट थर. गार पाणी त्याच्याखाली येऊन थांबतं. पृष्ठभागाचं तापमान मोजणाऱ्या उपग्रहाला वाटतं, इथे काही चढलंच नाही. खाली मात्र ते पाणी आधीच प्राणवायू कमी असलेलं, त्यात वरून मेलेले डायटम पडतात, ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी हायड्रोजन सल्फाइड सापडला. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००० साली ‘नेचर’मध्ये छापलं. जगातल्या उथळ समुद्रात प्राणवायू संपलेल्या पाण्याचा एवढा मोठा नैसर्गिक पट्टा क्वचितच आढळतो, आणि तो आपल्या दारात आहे. वर हिरवंगार, खाली श्वास कोंडलेला. हे तुला हैदराबादहून दिसलं असतं?

भाची : नाही. पण ते कांदोळीला दिसलं म्हणून वेंगुर्ल्याला, देवगडला, रत्नागिरीला किती आणि कधीपर्यंत असतं, हे कुणी मोजलंय? तिथे तर तुमची बाटलीही गेलेली नाही. अशा वेळी संगणकी प्रारूपच कामाला येतं. वारा, पाऊस, नदीचं पाणी, प्रवाह हे घालून आपण अंदाज करू शकतो की गार पाण्याचा पट्टा कुठवर आला असेल. शिवाय अर्गो तरंगक आहेत. स्वतःहून बुडतात, वर येतात आणि खोलीनुसार तापमान-क्षारता पाठवतात. काहींवर हरितद्रव्य आणि प्राणवायूचेही संवेदक असतात. हिंदी महासागरातल्या त्या आकड्यांचं केंद्र इन्कॉइसच आहे.

मामा : तरंगक सत्तावीस मीटर पाण्यात फिरतात?

भाची : नाही. ते खोल समुद्रातले.

मामा : मग?

भाची : मग किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेले, मोजणी करणारे बोये हवेत. कोची आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ तसे बसवले आहेत. कोकणातही हवेत, हे मी तुमच्याआधी म्हणते आहे.

हिवाळ्यावर मात्र भाचीचं पारडं जड होतं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून जमिनीवरचा कोरडा, गार वारा उत्तर अरबी समुद्रावर येतो. बाष्पीभवनाने वरचं पाणी गार आणि जास्त खारं होतं, जड होऊन बुडतं, आणि त्याच्या घुसळणीने खालचं पोषक पाणी वर येतं. वरचा घुसळलेला थर शंभर मीटरपर्यंत खोल जातो. किनाऱ्यावरच्या चढत्या पाण्याशी याचा संबंध नाही. हे उघड्या समुद्रात होतं. म्हणून पंधरा-सोळा अक्षांशाच्या उत्तरेला प्लवकांचा दुसरा हंगाम हिवाळ्यात येतो आणि दक्षिणेला तो नसतो. महाराष्ट्राचा किनारा या दोन हंगामांच्या सीमेवर पडला आहे: खाली सिंधुदुर्गात पावसाळी चढत्या पाण्याची टोकाची कड, वर डहाणूच्या पश्चिमेला हिवाळी घुसळणीचा प्रदेश. सातशे वीस किलोमीटरचा किनारा, पण समुद्राचं पंचांग एक नाही.

मामा : हिवाळ्याचं हे कारण मधुप्रताप या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या मंडळींनी १९९६ साली मांडलं, जहाजावरच्या मोजणीवरून.

भाची : आणि दरवर्षी तो बहर कुठून कुठवर पसरतो, कधी लवकर येतो, कधी उशिरा, हे उपग्रहांनी दाखवलं. दोन्ही धरा ना, मामा.

मामा : धरतो. पण त्याच मधुप्रतापांचं दुसरं काम तुझ्या नकाशाला अडचणीत आणतं. अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक हंगामानुसार इतके कमी-जास्त होतात, मग त्यांना खाणारे प्राणिप्लवकही तसेच व्हायला हवेत. त्यांनी जाळी ओढून बघितली, तर वरच्या थरात प्राणिप्लवकांचं वजन वर्षभर जवळपास तेवढंच. निळ्या, ओसाड दिसणाऱ्या मार्च-एप्रिलच्या पाण्यातसुद्धा.

भाची : कारण तेव्हा अन्नाची वाट बदलते. डायटम नसले की अतिसूक्ष्म शैवाल आणि जीवाणू वाढतात, त्यांना एकपेशीय प्राणी खातात, आणि कोपेपॉड त्या प्राण्यांवर जगतात. शिवाय दीडशे मीटरखाली प्राणवायू इतका कमी की बहुतेक प्राणी वरच कोंडलेले.

मामा : मग हिरवा नकाशा म्हणजे माशाच्या जेवणाचा नकाशा, हे समीकरण कुठे राहिलं?

भाची : आमचं तसं समीकरण नव्हतंच. सीमारेषा, तापमान, वारा...

मामा : सरकारी पत्रकांत तसंच लिहितात.

भाची : पत्रकांत सोपं करून लिहितात, हे खरं.

उन्हाळ्यावर दोघांनी फार वेळ घालवला नाही. फेब्रुवारी ते मे वारा पडलेला, पाणी तापलेलं आणि खारं. तेव्हा ट्रायकोडेस्मियम नावाचा नीलहरित जीवाणू पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा तरंगतो आणि लांबलांब पट्टे करतो. हवेतला नायट्रोजन तो स्वतःच बांधून घेऊ शकतो, म्हणून खालच्या पाण्यातून पोषकं न येताही फुलतो. उपग्रहालाही तो ओळखता येतो आणि बादलीलाही. इथे भांडायला काही नव्हतं.

भांडण पेटलं ते नॉक्टिलुकावर. हा एकच पेशी असलेला गोल जीव, पण साध्या डोळ्यांनाही बारीक दाण्याएवढा दिसावा इतका मोठा. हिवाळ्याच्या तोंडावर कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळतात, लोक फोन घेऊन बघायला धावतात, ते याचंच काम; २०२० च्या नोव्हेंबरात देवगड, वेळणेश्वर, मुरूडची अशी दृश्यं पुष्कळांनी बघितली असतील. उत्तर अरबी समुद्रात त्याचा हिरवा प्रकार असतो. त्याच्या पोटात हिरवं शैवाल राहतं, त्यामुळे तो खातोही आणि उन्हावर अन्नही करतो. या शतकात फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे बहर प्रचंड पसरू लागले आणि जिथे आधी डायटम असत तिथे हा आला. त्याला कोपेपॉड फारसे खात नाहीत. जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक, तरंगते प्राणी खातात. म्हणजे माशांच्या साखळीतून अन्न बाहेर जातं.

मामा : हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोस, दोघंही मूळ गोव्यातल्या कामातून पुढे अमेरिकेत गेलेले. त्यांनी २०१४ साली मांडलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतोय, म्हणून हा फोफावतोय. मला ते पटतं. कांदोळीचं सगळं आठव.

भाची : आणि इन्कॉइसच्या लोकांनी त्याला हरकत घेतली. ईशान्य अरबी समुद्रात बहर चालू असताना जहाजावरून मोजलं, तर वरच्या पाण्यात प्राणवायूची टंचाई नव्हती. २०१८ मध्ये ते छापून आलं. बहर आहे, पण कारण ते नाही. पोषकांचं प्रमाण, सिलिका कमी पडणं, घुसळण थांबल्यावर शांत झालेलं पाणी, हे जास्त जवळचं वाटतं.

मामा : अगो, पण हे तुझ्या हैदराबादकरांनी ठरवलं कशावरून? जहाजावरून! बाटली पाण्यात सोडून!

भाची : जहाज नेमकं बहरातच गेलं ते कशावरून? उपग्रहावरून! नाहीतर एवढ्या समुद्रात बाटली कुठे सोडणार होतात?

दोघंही इतक्या मनापासून बोलत होती की मध्ये बोलावंसं वाटलं नाही. पण या एका देवाणघेवाणीत दोघांच्याही बाजूचा गाभा आला आहे, असं माझं मत झालं. प्राणवायूचा वाद रंगाच्या नकाशावर कधीच मिटला नसता, आणि नकाशा नसता तर तो सुरूही झाला नसता.

मग मीच बंगालच्या उपसागराचा विषय काढला. मराठी माणसाचा समुद्र म्हटला की कोकण. पण महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या जमिनीवरचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जातं, आणि कृष्णेचं धरलं तर राज्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त भागाचा पाऊस पूर्वेच्या समुद्राला मिळतो. त्र्यंबकेश्वर, पैठण, नांदेड करत गोदावरी बासरला तेलंगणात येते. हैदराबादची मुशी वाडपल्लीला कृष्णेत पडते. आपल्या रानातली खतं, आपल्या शहरांचं सांडपाणी यानमच्या आणि हंसलदीवीच्या पुढे प्लवकांपर्यंत जातं.

भाची : आणि तरीही बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी सुपीक. गोव्याच्या प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी २००२ साली त्याचं कारण दाखवलं. गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा इतकं गोडं पाणी ओततात की वर हलका थर पक्का बसतो. वारा अरबी समुद्रावरच्याइतका जोरदार नाही. त्यामुळे तो थर फुटत नाही आणि खालची पोषकं वर येत नाहीत. नद्या पोषकं आणतात, पण ती मुखाजवळच संपतात. शिवाय पावसात ढग आणि गाळ, म्हणून प्रकाशही कमी.

मामा : मग पूर्व किनाऱ्यावर हंगाम कधी?

भाची : आंध्रच्या किनाऱ्याजवळ मार्च ते मे. तेव्हा वाऱ्याने थोडं पाणी चढतं, आकाश स्वच्छ असतं, डायटमचे बहर येतात. तिकडची मासेमारी बंदी पंधरा एप्रिल ते चौदा जून, म्हणजे पश्चिमेपेक्षा दीड महिना आधी. दोन किनाऱ्यांची समुद्राची वर्षं वेगवेगळी आहेत.

मामा : आणि धरणं? डायटमला कवचासाठी सिलिका लागते. ती डोंगर झिजून नदीतून येते. जायकवाडी, श्रीरामसागर, नागार्जुनसागर इतकं अडवल्यावर गोदावरी-कृष्णेच्या तोंडाशी डायटमच्या वाट्याला काय येतं, हे बघायला नको?

भाची : बघायला हवं. मला रंगावरून ते कळणार नाही.

ही तिची कबुली मामांनी जिंकल्यासारखी घेतली नाही, ते मला आवडलं. कारण पुढचा प्रश्न दोघांनाही सारखाच अडवणारा होता: समुद्र वर्षानुवर्षं सुपीक होतोय की ओसाड? २००५ साली गोस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की युरेशियाची जमीन तापल्याने मोसमी वारे जोरदार झाले आणि पश्चिम अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी हंगामातले वनस्पतिप्लवक सात वर्षांत साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले. २०१६ साली पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने मांडलं की सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरात ते वीस टक्क्यांपर्यंत घटले. वरचं पाणी तापलं, थर पक्का झाला, पोषकं खालीच राहिली. दोन्ही नामांकित नियतकालिकांत आलेली कामं, निष्कर्ष जवळपास उलटे.

मामा : सात वर्षांवरून कल काढायचा नसतो.

भाची : नसतो. पण सात वर्षं हीच तेव्हा सगळी नोंद होती. रंग बघणारा चांगला उपग्रह १९९७ पासूनचाच. आपला ओशनसॅट १९९९ चा, दुसरा २००९ चा, तिसरा २०२२ च्या नोव्हेंबरात गेला. आता पंचवीस वर्षांच्या वर नोंद झाली आहे. ती कुठल्याही एका होडीने झाली नसती.

मामा : आणि किनाऱ्यालगतच्या पहिल्या दहा किलोमीटरची?

भाची : कांदोळीसारखी एखाद-दुसरी जागा. महाराष्ट्रात सातशे वीस किलोमीटरमध्ये, वरपासून तळापर्यंत, तीच जागा धरून पंचवीस वर्षं सलग मोजलेलं मला वापरायला मिळालेलं नाही. प्रबंध आहेत. दोन वर्षांचे, तीन वर्षांचे. विद्यार्थ्याला पदवी मिळते आणि नोंद थांबते.

मामा : माझीही तशीच थांबली. निवृत्त झालो, जाळं कपाटात गेलं. मागून कुणी घेतलं नाही.

भाची : तुमच्या वह्या मला द्या. आकडे मी चढवते.

मामांचा एक आग्रह तरीही सुटला नाही: उपग्रहावर जेवढा खर्च होतो त्याचा लहानसा भाग किनाऱ्यावरच्या बाटलीवर व्हावा. भाचीचं म्हणणं असं की एकाचे पैसे काढून दुसऱ्याला देण्यात अर्थ नाही. नकाशा दुरुस्त करायलाच बाटली लागते, म्हणून बाटलीचा खर्च नकाशाच्याच खात्यात धरावा. मला भाचीचं म्हणणं जास्त पटतं. मात्र कुठे आधी हात घालायचा याबाबत मामा बरोबर आहेत. नकाशा सगळ्यात कच्चा आहे तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत, आणि कोकणातल्या माणसाचं पोट त्याच पाण्यावर आणि त्याच महिन्यांवर आहे.

डहाणू, पालघर, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. या पट्ट्यातल्या ज्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र शिकवतात, तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. एक जागा ठरवा, पावसातही पोचता येईल असा धक्का असला तरी चालेल. दर पंधरवड्याला तिथलं तापमान, क्षारता, पांढरी तबकडी किती खोलपर्यंत दिसते ते मोजा. वरचं आणि तळाचं पाणी घ्या, जमल्यास प्राणवायू मोजा, आयोडीन घालून नमुना ठेवा, दोनशे मायक्रॉनचं जाळं ओढा. सूक्ष्मदर्शक तुमच्याकडे आहेच. एक तुकडी पास होऊन गेली की वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या, आणि दरवर्षी आकडे हैदराबादला आणि गोव्याला कळवा. सुरुवात सप्टेंबरात करा, कारण त्या महिन्यात वरून सगळ्यात कमी दिसतं.